अक्षराचे वळण आणि अक्षराचे वय : ब्यूलर यांच्या ब्राह्मीविषयक सिद्धान्ताची समीक्षा

योहान गेओर्ग ब्यूलर (१८३७–१८९८) हे नाव आपल्या वाचकांपैकी अनेकांना अपरिचित असेल. जर्मनीतील एका पाळकाच्या घरी जन्मलेले हे पंडित १८६३ साली मुंबईस आले, एल्फिन्स्टन कॉलेजात पौर्वात्य भाषांचे अध्यापक झाले आणि पुढे गुजरातेत शिक्षण खात्याचे निरीक्षक म्हणून त्यांनी बरीच वर्षे सेवा केली. १८८० साली ते युरोपास परतले व व्हिएन्ना येथे प्राध्यापक झाले. भारतीय ब्राह्मी वर्णमालेच्या उगमावरील त्यांचा निबंध १८९५ साली आणि भारतीय पुरालिपिशास्त्रावरील ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. ब्राह्मी ही उत्तर सेमिटिक, म्हणजे फिनिशियन वळणाच्या, वर्णमालेपासून निघाली आणि इ. स. पू. ८०० च्या सुमारास ही वर्णमाला व्यापाऱ्यांच्या हस्ते भारतात आली, असा त्यांचा सिद्धान्त आहे. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी या विषयावर लिहिणाऱ्या कोणालाही या निबंधाला वळसा घालून पुढे जाता आलेले नाही.

धर्मगुरू व धर्मशिक्षक यांच्यासाठी निघणाऱ्या या पत्रिकेत लिपीच्या उगमाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न विचारला जाईल. तो योग्यच आहे. त्याची दोन उत्तरे आहेत. पहिले असे की आपण एका ग्रंथाच्या आधाराने जगणारे लोक आहोत. त्या ग्रंथाच्या प्राचीन हस्तलिखितांचे वय ज्या पद्धतीने ठरविले जाते, तीच पद्धत ब्यूलर यांनी ब्राह्मीला लावली. ती पद्धत परक्या अंगणात तपासली म्हणजे तिचे गुणदोष अधिक स्पष्ट दिसतात. दुसरे उत्तर आमच्या सुरतेतील आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांत बौद्ध बांधव पुष्कळ आहेत. अशोकाच्या लेखांची लिपी, जिला ते धम्मलिपी म्हणतात, ही त्यांच्या दृष्टीने केवळ पंडितांच्या कुतूहलाची गोष्ट नाही. अशा शेजारात एखाद्या ख्रिस्ती वक्त्याने ‘तुमची अक्षरेसुद्धा आमच्या बायबलच्या देशातून आली’ असे म्हणावे, किंवा उलट बाजूने ‘जगातील सर्व लिप्या ब्राह्मीतून निघाल्या’ असा संदेश भ्रमणध्वनीवरून फिरावा, हे दोन्ही सारखेच अनर्थकारक आहे. दोन्ही विधानांना ब्यूलर यांच्या प्रश्नाचा स्पर्श झालेला असतो, त्यांच्या विवेकाचा मात्र नसतो.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे : ब्यूलर यांनी दोन प्रश्न एकाच तराजूत घातले. दोन लिप्यांचे नाते काय, हा एक प्रश्न. आणि ते नाते केव्हा जडले, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाबाबत त्यांचे म्हणणे आजही विचारार्ह आहे. दुसऱ्याचे उत्तर देण्याचे सामर्थ्य त्यांच्या पुराव्यात नव्हते.

सिद्धान्त आणि त्याचे आधार

ब्यूलर यांच्याविषयी न्यायाने बोलायचे तर त्यांची मांडणी आधी नीट सांगितली पाहिजे. अशोकाच्या लेखांत, म्हणजे इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या मध्याला, ब्राह्मी एकाएकी पूर्णावस्थेत आपल्यासमोर येते. त्या लेखांत एकाच अक्षराची निरनिराळी रूपे आढळतात. ज्या लिपीत इतकी विविधता आली, ती कालपरवा जन्मलेली असू शकत नाही, हा ब्यूलर यांचा पहिला आधार.

दुसरा आधार अक्षरांच्या आकृतींचा. ब्राह्मीतील ‘ग’ फिनिशियन गिमेलशी जुळतो, ‘थ’ तेथशी जुळतो, ‘अ’ आलेफची आठवण करून देतो. जेथे आकृती सरळ जुळत नाहीत, तेथे त्यांनी परिवर्तनाचे नियम सांगितले : भारतीय लेखकांना वरच्या अंगाला जड असणारी अक्षरे रुचत नसत म्हणून त्यांनी ती उलटी केली; लिहिण्याची दिशा बदलली म्हणून काही अक्षरांची तोंडे फिरली. तिसरा आधार दिशेचा. सेमिटिक लिप्या उजवीकडून डावीकडे जातात, आणि मध्य प्रदेशातील एरण येथे सापडलेल्या एका जुन्या नाण्यावर ब्राह्मी अक्षरे तशीच उजवीकडून डावीकडे आहेत. म्हणजे ब्राह्मीचीही मूळ दिशा तीच असावी.

चौथा आधार काळाचा, आणि आपल्या चर्चेचा खरा विषय तोच आहे. १८६८ साली एफ. ए. क्लाइन या मिशनऱ्याच्या दृष्टीस मवाब देशात दीबोन येथे मेशा राजाचा शिलालेख पडला. त्या लेखातील आणि अन्य जुन्या फिनिशियन लेखांतील अक्षरांशी ब्राह्मीची पुष्कळशी अक्षरे ताडून पाहता येतात. मेशाचा लेख इ. स. पू. नवव्या शतकाच्या मध्याचा आहे. एकदोन अक्षरे मात्र मेसोपोटेमियातील थोड्या नंतरच्या वळणाशी जुळतात. तेव्हा सेमिटिक वर्णमाला भारतात आली ती इ. स. पू. ८०० च्या आसपास, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

कोठे अडते

आकृतींच्या साम्यापासून आरंभ करू. ब्राह्मीतील ‘क’ म्हणजे एक साधी फुली आहे. फिनिशियन लिपीतही फुली आहे. पण तेथे तिचा उच्चार ‘त’ असा आहे. ब्यूलर यांना म्हणून ‘क’ची व्युत्पत्ती दुसऱ्याच अक्षरापासून लावावी लागली. यातून उमगते ते असे की दोन रेघा, एक वर्तुळ, एक कोन एवढ्याच भांडवलावर जेथे अक्षरे उभी आहेत, तेथे आकृती जुळणे हा योगायोगही असू शकतो. त्यातून अक्षर उलटे करण्याची, आडवे पाडण्याची आणि तोंड फिरविण्याची मुभा एकदा घेतली की पुष्कळ गोष्टी पुष्कळ गोष्टींशी जुळू लागतात. ब्यूलर यांचे नियम शिस्तीचे आहेत. परंतु त्यांतील काही नियम ज्या अक्षरांचा उलगडा करण्यासाठी योजले, त्याच अक्षरांवरून ते सिद्ध केले आहेत.

एरणच्या नाण्याची कथा याहून बोलकी आहे. नाणे पाडण्याच्या ठशावर अक्षरे उलटी कोरावी लागतात, म्हणजे ती नाण्यावर सुलटी उमटतात. कारागीर हे विसरला आणि त्याने ठशावर अक्षरे सुलटीच कोरली, तर नाण्यावर ती आरशातल्यासारखी उमटणार. एका कारागिराच्या नजरचुकीवर एका लिपीची मूळ दिशा ठरविणे धोक्याचे आहे, ही हरकत ब्यूलर यांच्यानंतर घेतली गेली आणि ती रास्त आहे. आंध्रातील येर्रगुडी येथे अशोकाच्या लेखाच्या काही ओळी उजवीकडून डावीकडे गेलेल्या आढळल्या, हे खरे; पण तो अपवादही अशोकाच्याच काळातला आहे, मागच्या काळातला नाही.

तरीही सेमिटिक संबंधाची कल्पना टाकून देण्यासारखी नाही. वायव्येकडील खरोष्ठी लिपी अरामी लिपीपासून निघाली हे बहुतेक सर्व अभ्यासकांना मान्य आहे. अशोकाच्या वायव्येकडील लेखांत ‘लिपि’ या शब्दाऐवजी ‘दिपि’ हे जुने इराणी रूप येते. तेव्हा लेखनाची कल्पना पश्चिमेकडून आल्याची चिन्हे आहेत. पण बावीस व्यंजनचिन्हांच्या वर्णमालेतून कंठ्य, तालव्य, मूर्धन्य असे वर्ग पाडलेली, ऱ्हस्वदीर्घ स्वरांना खुणा असलेली चाळिसांहून अधिक वर्णांची व्यवस्था उभी करणे हे येथील ध्वनिशास्त्राचे स्वतंत्र कर्तृत्व आहे, आणि हे स्वतः ब्यूलर यांनीही नाकारलेले नाही. उसने घेणे आणि घडविणे यांत विरोध नसतो.

प्रश्न उरतो तो काळाचा. समजा, ब्राह्मीचे एखादे अक्षर नवव्या शतकातील फिनिशियन अक्षरासारखे आहे. त्यावरून ते नवव्या शतकातच घेतले गेले असे ठरत नाही. जुनी वळणे एखाद्या प्रदेशात, एखाद्या व्यापारी वर्गात, एखाद्या धंद्यात शेकडो वर्षे टिकून राहू शकतात. आपल्याकडे छापील अक्षर रूढ झाल्यानंतरही खतावण्यांतून मोडीचे वळण टिकून होतेच की नाही? शिवाय मेशाच्या लेखाचा काळ तरी कशावरून ठरला? अक्षरांवरून नव्हे, तर त्यात इस्राएलचा राजा अम्री याचे नाव आहे आणि मेशाच्या बंडाची हकीकत राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात आहे म्हणून. नावाने काळ दिला, काळाने अक्षरांना वय दिले. ब्राह्मीच्या बाबतीत ब्यूलर यांच्याजवळ अशोकाच्या मागे असे एकही नाव नव्हते.

ग्रीक आणि फ्रिजियन यांचा दाखला

ब्यूलर यांची पद्धत ग्रीक वर्णमालेला लावली तेव्हा काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. कारण तेथे नात्याविषयी वाद नाही. आल्फा, बीटा ही नावेच आलेफ व बेथ यांची रूपे आहेत, आणि कॅडमसबरोबर आलेल्या फिनिशियनांनी ही अक्षरे आणली असे हिरोडोटसने इ. स. पू. पाचव्या शतकातच लिहून ठेवले आहे. नाते निश्चित आहे. वाद आहे तो केवळ काळाचा. १९३३ साली र्‍हीस कार्पेंटर यांनी ग्रीक अक्षरांची फिनिशियन अक्षरांशी तुलना करून हा स्वीकार आठव्या शतकाच्या अखेरीचा ठरविला. १९७३ साली जोसेफ नावे यांनी तशीच तुलना केली, अक्षरांची दिशा व ठेवण लक्षात घेतली, आणि निष्कर्ष काढला की हा स्वीकार इ. स. पू. ११०० च्या सुमाराचा असावा. दोघेही जाणते, दोघांपुढे अक्षरे तीच, पद्धतही बव्हंशी तीच. उत्तरांत मात्र सुमारे चारशे वर्षांचे अंतर. काळ ठरविण्याच्या कामी केवळ वळणाचा भरवसा किती धरावा, याला याहून वेगळा पुरावा नको.

प्रत्यक्ष सापडलेले जुने ग्रीक लेख बहुतेक मातीच्या भांड्यांवर आहेत. अथेन्समधील दिपिलोन येथील सुरई इ. स. पू. ७४० च्या सुमाराची, इटलीतील इस्किया बेटावरील ‘नेस्टरचा प्याला’ थोडा नंतरचा, आणि रोमजवळ गाबी येथील एका भांड्यावरची काही अक्षरे ७७५ च्या सुमाराची मानली जातात. ही वर्षे अक्षरांवरून नव्हे, तर भांड्यांच्या घडणीवरून व थडग्यांतील इतर वस्तूंवरून ठरविलेली आहेत.

आता फ्रिजियाकडे वळू. प्रेषितांच्या कृत्यांत पौलाच्या प्रवासात ज्या फ्रुगियाचे नाव येते, तोच हा प्रदेश. त्याची जुनी राजधानी गोर्डियन आजच्या तुर्कस्तानात अंकाराच्या नैर्ऋत्येस आहे. फ्रिजियनांची स्वतःची वर्णमाला होती आणि तिच्यात व ग्रीकमध्ये एक विलक्षण साम्य आहे. फिनिशियन लिपीत स्वरांना चिन्हे नव्हती. ग्रीकांनी आलेफ, हे, योध, आयिन, वाव या व्यंजनचिन्हांना स्वर बनविले. फ्रिजियनमध्ये नेमकी हीच चिन्हे स्वरांसाठी आहेत. अशी निवड दोन ठिकाणी स्वतंत्रपणे होणे संभवत नाही. तेव्हा एकाने दुसऱ्यापासून ती घेतली, किंवा दोघांनी मिळून एकाच ठिकाणी ती उचलली. फार काळ असे गृहीत धरले गेले की ग्रीक गुरू आणि फ्रिजियन शिष्य.

या गृहीताला धक्का बसला तो अक्षरांमुळे नव्हे, तर धान्यामुळे. गोर्डियन शहराचा मोठा भाग एका अग्निप्रलयात जळाला होता. त्या जळिताचा काळ उत्खननकर्त्यांनी इ. स. पू. ७०० च्या सुमाराचा धरला होता, आणि त्याचा एक आधार होता आपल्याच मंडळीचा इतिहासकार युसेबियस, ज्याच्या कालपत्रिकेत मिदास राजाच्या मृत्यूचे वर्ष इ. स. पू. ६९६ च्या आसपास पडते. परंतु त्या जळक्या थरातील सातू, मसूर व जवस यांच्या दाण्यांचे कार्बन-१४ पद्धतीने मापन झाले आणि २००३ साली जाहीर झाले की ते जळित इ. स. पू. ८०० च्या सुमाराचे आहे. शंभर वर्षांची चूक. तिच्याबरोबर त्या थराच्या वरखाली सापडलेल्या वस्तूंचे, आणि त्यांत काही कोरीव अक्षरांचेही, वय मागे सरकले. शिवाय तेथील मोठ्या थडग्याच्या लाकडी दालनात मेण लावलेल्या भांड्यांवर व एका तुळईवर फ्रिजियन नावे आहेत. आणि ते दालन ज्या वृक्षांचे, त्यांची वलये मोजून त्यांच्या तोडीचा काळ इ. स. पू. ७४० च्या सुमाराचा ठरला आहे. म्हणजे दिपिलोनच्या सुरईइतकाच. गुरू कोण आणि शिष्य कोण, हे आज कोणीही पूर्वीच्या खात्रीने सांगत नाही.

येथे युसेबियसचा उपहास करण्याचे कारण नाही. त्याने आपल्या हाती आलेल्या परंपरेतून राजाच्या मृत्यूचे वर्ष नोंदविले होते, एखाद्या जळिताचे नव्हे. ती जोड आधुनिकांनी घातली. पुरावा एका गोष्टीचा आणि निष्कर्ष दुसऱ्या गोष्टीचा, ही चूक वारंवार आढळते आणि धर्मशास्त्राच्या वर्गातही ती अपरिचित नाही.

ब्राह्मीची आधारखुंटी

मग ब्राह्मीविषयी निश्चित काय म्हणता येते? अशोकाच्या तेराव्या शिलालेखात अंतियोक, तुरमाय, अंतिकिनि, मग आणि अलिकसुदर अशी पाच यवन राजांची नावे आहेत. हे पाचही राजे ज्या थोड्या वर्षांत एकाच वेळी हयात होते, ती वर्षे इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या मध्याची. ब्राह्मीचा सारा कालक्रम या एका खुंटीला टांगलेला आहे. ती सापडली कशी, हेही आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. गिरनारच्या लेखाची कापडावर घेतलेली प्रत मुंबईचे मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे पाठविली आणि प्रिन्सेप यांनी १८३८ साली तिच्यात अंतियोक व तुरमाय ही नावे वाचली. आपल्या वसईजवळील सोपारे येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा मिळाला, आणि १९५६ साली भुईगाव येथे नवव्या लेखाचा. या दोन तुकड्यांवर एकाही राजाचे नाव किंवा वर्ष नाही. पण अन्यत्र सापडलेल्या पूर्ण लेखांशी मजकूर जुळतो म्हणून त्यांचा काळ निर्विवाद आहे. अपरान्ताच्या किनाऱ्यावरील अक्षरांना गिरनारच्या पलीकडची यवन नावे वय देतात.

अशोकाच्या मागे मात्र जमीन भुसभुशीत होते. चंद्रगुप्ताच्या दरबारी आलेल्या मेगॅस्थिनिसने येथील लोक लेखी कायद्यांवाचून व्यवहार चालवितात असे लिहिले. त्याच्या आधी अलेक्झांडरबरोबर आलेल्या निआर्कसने हे लोक कापडावर पत्रे लिहितात असे म्हटले. दोन्ही साक्षी स्ट्रेबोच्या ग्रंथात आहेत. १९९३ साली जर्मन पंडित हॅरी फाल्क यांनी ब्राह्मी अशोकाच्याच काळी घडविली गेली असे मत मांडले. उलटपक्षी श्रीलंकेत अनुराधपूर येथील खापरांवरची ब्राह्मी अक्षरे इ. स. पू. चौथ्या शतकापर्यंत मागे जातात असे उत्खननकर्त्यांनी दाखविले, तर तमिळनाडूतील पोरुंथल व कीळडी येथील शोधांवरून पाचव्या-सहाव्या शतकापर्यंत जाण्याचा दावा झाला आहे.

या दाव्यांकडे पाहताना एक तांत्रिक गोष्ट जाणली पाहिजे. कार्बन-१४ चे मापन प्रत्यक्ष वर्षांत रूपांतरित करण्यासाठी जी आलेखरेषा वापरतात, ती इ. स. पू. ८०० ते ४०० या काळात जवळजवळ सपाट आहे. त्यामुळे त्या चार शतकांतील नमुने एकमेकांपासून वेगळे काढणे कठीण जाते. गोर्डियनचे दाणे या सपाटीच्या अगदी आरंभीच्या काठावर पडले, म्हणून तेथे उत्तर नेमके आले. तमिळनाडूचे दाणे नेमके सपाटीवर पडतात. शिवाय भांड्यातील भात आणि भांड्यावरील अक्षर यांचे वय एकच, हेही सिद्ध करावे लागते. तेव्हा अशोकापूर्वी काही काळ ब्राह्मी प्रचारात असणे संभवनीय आहे. किती काळ, हे अजून मोकळेच आहे. ब्यूलर यांचे ८०० हे वर्ष मात्र कोणत्याही खुंटीला टेकत नाही.

नहपानाची नाणी

अक्षरांच्या वयाचा प्रश्न आपल्या दाराशी कसा उभा आहे, याचे उदाहरण तापीकाठीच मिळते. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यांत त्याने भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथे धर्मशाळा बांधल्याचे, आणि इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर फुकट तरीची सोय केल्याचे नमूद आहे. पारदा, दमणा, तापी, दाहनुका : सुरतेहून दक्षिणेस जाताना आजही ओलांडाव्या लागणाऱ्या या वाटा आहेत.

या लेखांत ४१, ४२, ४५ अशी वर्षे आहेत, आणि जुन्नरच्या लेखात ४६. आकडे स्वच्छ वाचता येतात. पण ते कोणत्या गणनेचे? शक संवताचे धरले तर इ. स. ११९ ते १२४ येतात. नहपानाच्या स्वतःच्या राज्यवर्षांचे धरले तर काळ बराच मागे जाऊ शकतो. अभ्यासकांत यावर शंभर वर्षे वाद झाला, आणि अक्षरांच्या वळणाने तो मिटविला नाही. साठसत्तर वर्षांचा फरक दाखविण्याइतके ते वळण सूक्ष्म नसतेच. मदत झाली ती ‘पेरिप्लस’ या एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याच्या समुद्रप्रवासाच्या पुस्तिकेची. भरुचच्या वर्णनात तो तेथील राजाचे नाव ‘मंबनोस’ असे देतो, आणि हा नहपानच असे पुष्कळांनी मानले. या पुस्तिकेचा काळही एकेकाळी वादग्रस्त होता. पिरेन या विदुषींनी १९६१ साली ती तिसऱ्या शतकात नेली होती. परंतु तिच्यात नबाती अरबांचा राजा मलिखस याचा उल्लेख आहे. मलिखसाची कारकीर्द इ. स. ४० ते ७० अशी ठरलेली आहे. कारण तो अरीतास राजाचा मुलगा. हा अरीतास कोण? करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल ज्याच्या अधिकाऱ्याच्या हातून दिमिष्कात निसटला, तोच.

या साखळीकडे पाहावे. पौलाच्या पत्रातला एक राजा, त्याचा मुलगा, त्याच्या काळी समुद्रावर निघालेला एक व्यापारी, त्याने नोंदविलेला भरुचचा राजा, आणि त्या राजाच्या जावयाने तापीवर घातलेल्या होड्या. यांतील मंबनोस म्हणजे नहपान ही कडी अनुमानाची आहे, हे सांगितलेच पाहिजे. पण ती दिसते, तपासता येते, आणि उद्या तुटली तर कोठे तुटली हे कळेल. अक्षराच्या वळणावरून ‘पहिले शतक’ असा छाप मारण्यापेक्षा हे ज्ञान फार वेगळ्या दर्जाचे आहे.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी १९०८ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. मूळ नाण्याच्या एका बाजूस ग्रीक अक्षरे आहेत, दुसऱ्या बाजूस ब्राह्मी व खरोष्ठी. एका रुपेरी तुकड्यावर फिनिशियनाची कन्या, अरामीची कन्या, आणि जिच्या कुळाविषयी आपण वाद घालीत आहोत ती ब्राह्मी, अशा तिघी एकत्र आल्या आहेत.

त्यातही ग्रीक मजकूर ग्रीक भाषेतला नाही. नहपानाचे प्राकृत नाव व बिरुदच त्या अक्षरांत लिहिले आहे. नावातील ‘ह’ या ध्वनीसाठी ज्या अक्षराची योजना केली आहे, त्याला त्या काळचे ग्रीक ‘एटा’ म्हणत व त्याचा उच्चार स्वराचा करीत. रोमन लोक मात्र त्याच आकृतीचा उच्चार ‘ह’ असा करीत. फिनिशियन ‘हेथ’ हे मूळ अक्षर घशातल्या ‘ह’चेच होते. म्हणजे त्या अक्षराचा जुना उच्चार रोमन वळणाने फिरून पश्चिम भारतात पोहोचला. पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर ही ग्रीक अक्षरे बिघडत गेली आणि अखेर राजाच्या मस्तकाभोवतीची केवळ नक्षी होऊन बसली. कारागीर ती निष्ठेने कोरीत राहिले. वाचणारा कोणी उरला नव्हता. त्याच नाण्यांवर दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून शक वर्षाचे ब्राह्मी अंक येऊ लागतात, म्हणून आपणास वळणाचा भरवसा न धरता त्यांचे वय कळते. केवळ ग्रीक अक्षरांच्या वळणावर विसंबलो असतो तर काय झाले असते, याची कल्पनाच करावी.

आपल्या घरचा तराजू

आता हाच तराजू घरात आणू. मँचेस्टर येथील ग्रंथालयात योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील काही ओळींचा एक पपायरसाचा तुकडा आहे. तो ५२ या क्रमांकाने ओळखला जातो. १९३५ साली सी. एच. रॉबर्ट्स यांनी तो प्रसिद्ध केला व हस्ताक्षराच्या वळणावरून दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात बसविला. पुढे प्रवचनांतून व पुस्तिकांतून ‘इ. स. १२५’ असे नेमके वर्ष रूढ झाले, आणि त्यावर ‘योहानाच्या मृत्यूनंतर अवघ्या पंचवीसतीस वर्षांत’ अशी भर पडली. रॉबर्ट्स यांनी दिलेल्या काळाचा विस्तार वाटेत गळून गेला. २००५ साली ब्रेंट नाँगब्री यांनी काळाची नोंद असलेल्या हस्ताक्षरांशी तुलना करून दाखविले की दुसऱ्या शतकाचा उत्तरार्ध व तिसऱ्याचा आरंभही या तुकड्यासाठी मोकळा ठेवावा लागतो.

२०१२ पासून तर मार्काच्या शुभवर्तमानाचा पहिल्या शतकातील तुकडा मिळाल्याची वार्ता जगभर पसरली. २०१८ साली तो तुकडा रीतसर प्रसिद्ध झाला तेव्हा त्याचा काळ दुसऱ्या शतकाची अखेर किंवा तिसऱ्याचा आरंभ असा ठरला. ज्यांनी सहा वर्षे त्याच्या आधारे व्याख्याने दिली, त्यांच्या श्रोत्यांना हे कोणी जाऊन सांगितले काय?

मोशेच्या बाबतीतही हेच घडले. एकोणिसाव्या शतकात काही टीकाकार म्हणत की मोशेच्या काळी वर्णलेखनच नव्हते, तेव्हा त्याने लिहिले कसे? १९०५ साली पेट्री यांना सिनायमधील सराबीत येथे जुनी वर्णाक्षरे सापडली आणि तो आक्षेप गळाला. पण आमच्यातील काहींनी त्यावरून पंचग्रंथ मोशेच्या हातचा सिद्ध झाला असे जाहीर केले. दौत उपलब्ध होती म्हणून पत्र कोणी लिहिले हे ठरत नाही. आक्षेपकाची चूक आणि समर्थकाची चूक एकाच जातीची होती.

बारावे पायस यांनी १९४३ साली पवित्र शास्त्राच्या अभ्यासासाठी मूळ भाषा, पाठचिकित्सा व प्राचीन लेखनप्रकार यांचा आग्रह धरला आणि व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली त्याच दिशेने पुढचे पाऊल टाकले. या अभ्यासाचे ओझे घ्यायचे ते त्याचे निष्कर्ष आपल्या सोयीचे तेवढे उचलण्यासाठी नव्हे. शुभवर्तमानाचे सामर्थ्य एका फाटक्या तुकड्याच्या वर्षावर टेकलेले नाही. ते टेकलेले आहे असे आपण शिकविले, तर तुकड्याचे वय बदलताच ऐकणाऱ्याच्या श्रद्धेला तडा जाईल, आणि त्याचा दोष चिकित्सकाकडे नव्हे तर शिकविणाऱ्याकडे येईल.

म्हणून धर्मशिक्षकांना एक व्यवहार्य सूचना करावीशी वाटते. एखाद्या लेखाचे, हस्तलिखिताचे वा लिपीचे वय कोणी सांगितले की तीन प्रश्न विचारावेत. हे वय कशावरून ठरले : त्यात नमूद केलेल्या वर्षावरून वा नावावरून, ज्या थरात वस्तू सापडली त्यावरून, की केवळ अक्षराच्या वळणावरून? सांगितलेला काळ नेमके वर्ष आहे की विस्तार, आणि तो विस्तार आपण बोलताना गाळला तर नाही ना? आणि तिसरा : हा निष्कर्ष आपल्या विरुद्ध बाजूचा असता, तर एवढ्याच पुराव्यावर आपण तो मान्य केला असता काय? तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि तो आपणच आपणास विचारावा लागतो.

ब्यूलर यांच्याकडे परत येऊन सांगायचे तर, त्यांच्या निबंधाचे मोल त्यांच्या वर्षामुळे नाही. आपण कोणत्या पायऱ्यांनी चढलो हे त्यांनी एकेक अक्षर मांडून दाखविले; म्हणूनच कोणती पायरी कच्ची आहे हे आज आपणास बोट ठेवून सांगता येते. आपल्या बौद्ध शेजाऱ्यापाशी धम्मलिपीविषयी बोलताना ख्रिस्ती मनुष्याने याच रीतीने बोलावे : अक्षरांचे काही नाते पश्चिमेशी असण्याचा संभव आहे, त्यांची रचना येथली आहे, आणि अशोकाच्या मागे त्यांचे वय किती हे अजून ठरलेले नाही. एवढे म्हटल्याने कोणाचाही मान कमी होत नाही, आणि सत्याचा राखला जातो.